बॅकलॉगमध्ये टाकलंय, म्हणजे नाही म्हटलंय

"मुद्दा चांगला आहे, बॅकलॉगमध्ये टाकून ठेव."

आयटीत, स्टार्टअपमध्ये, बँकेच्या डिजिटल विभागात, कुठेही काम करत असाल तरी गेल्या महिन्यात हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. कदाचित म्हटलंही असेल. सरकारी कचेरीत याच वाक्याला "नोंद घेतली आहे" म्हणतात आणि घरात "बघू" म्हणतात. तिन्हींचा परिणाम एकच. सांगणारा सुटतो, विचारणारा गप्प बसतो आणि काम जिथल्या तिथे राहतं.

माझं म्हणणं सरळ आहे. आज बहुतेक टीम ज्याला प्रॉडक्ट बॅकलॉग म्हणतात, तो "नाही" म्हणायची हिंमत नसलेल्या लोकांनी बांधलेला गोडाऊन आहे. त्यात माल रोज येतो, बाहेर थोडाच जातो, आणि आत काय पडलंय हे कोणालाच ठाऊक नसतं. त्याचा भुर्दंड बसतो तो सगळ्यात कमी आवाज असलेल्यांना: टीममधल्या नव्या पोरांना, सपोर्टला बसलेल्यांना आणि ज्यांची तक्रार मोठ्या साहेबांपर्यंत पोचतच नाही अशा ग्राहकांना.

शब्दानेच घोळ केला

मराठी माणसाला 'बॅकलॉग' हा शब्द स्क्रमच्या आधीपासून माहीत आहे. इंजिनिअरिंगच्या पोराला विचारा, तो राहिलेले पेपर मोजेल. नोकरभरतीची वाट बघणाऱ्याला विचारा, तो न भरलेल्या राखीव जागा सांगेल. विदर्भात किंवा मराठवाड्यात विचारा, तिथे याला 'अनुशेष' असा भारदस्त शब्द आहे आणि त्यावर चाळीस वर्षं राजकारण झालंय. या तिन्ही ठिकाणी बॅकलॉग म्हणजे देणं. कोणीतरी कोणाचं तरी काहीतरी लागतो आणि ते अजून दिलेलं नाही.

आता स्क्रमकडे या. केन श्वेबर आणि जेफ सदरलँड यांनी ही पद्धत १९९५ साली जाहीरपणे मांडली, २०१० साली तिची छोटी मार्गदर्शिका काढली आणि २०२० साली ती शेवटची सुधारली. त्यांच्या लेखी प्रॉडक्ट बॅकलॉग म्हणजे प्रॉडक्ट सुधारायला जे लागेल त्याची क्रमाने लावलेली यादी. ती बदलत राहते, घडत राहते, आणि टीम जे काही काम उचलते ते याच एका यादीतून. म्हणजे हे शक्यतांचं पान आहे. आज जे पहिल्या नंबरवर आहे ते उद्या पानावरून गायबही होऊ शकतं, आणि तसं झालं तर कोणाचं काही बुडालं असं नाही.

आपण मात्र शब्द त्यांचा घेतला आणि अर्थ आपला ठेवला. यादीतली गोष्ट देणं वाटते म्हणून ती खोडवत नाही. आणि ती खरं तर देणं नाही हेही आतून माहीत असतं, म्हणून ती न केल्याची लाजही वाटत नाही. खोडायचं नाही आणि करायचंही नाही. गोडाऊन असाच भरतो.

सहाशे कामांचा हिशोब

थोडं गणित करू. समजा तुमच्या यादीत ६०० कामं आहेत आणि टीम दोन आठवड्यांच्या एका स्प्रिंटमध्ये १० कामं संपवते. जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध केलेला रांगेचा नियम सांगतो, की रांगेतली संख्या भागिले कामाचा वेग म्हणजे सरासरी थांबायची वेळ. ६०० भागिले १०, म्हणजे ६० स्प्रिंट. १२० आठवडे. सव्वादोन वर्षांच्याही पुढे. आणि दर स्प्रिंटला नवी १२ कामं येत असतील तर रांग संपणारच नाही, दर पंधरा दिवसांनी दोनने वाढत जाईल.

हा हिशोब करायला दोन मिनिटं लागतात. तरीही शेवटच्या नंबरवर काम टाकताना "टाकलंय हं" असं हसून सांगितलं जातं. सव्वादोन वर्षांनी तो ग्राहक असेल का? तो फोन असेल का? सांगणारा तरी त्या कंपनीत असेल का?

वर या गोडाऊनचं भाडंही भरावं लागतं. आठवड्यातून एक तास आठ जणांची टीम 'रिफाइनमेंट'ला बसते. वर्षाला साधारण ४०० तास, म्हणजे एका माणसाचे पन्नास दिवस. तो वेळ पुढच्या दोन-तीन स्प्रिंटमधली कामं समजून घेण्यात गेला तर सोनं. पण तीनशे बाराव्या नंबरच्या कामाला पाच पॉइंट की आठ, यावर वाद घालण्यात गेला तर? विरारहून आलेल्या लोकलमध्ये मिरा रोडला कसंबसं चढून, गोरेगाव किंवा मालाडला उतरून, रिक्षाच्या रांगेत उभं राहून जी पोरं ऑफिसला पोचतात, त्यांना कधीच न होणाऱ्या कामाचे पॉइंट द्यायला बसवणं हा अपमान आहे. कोणी तो अपमान म्हणत नाही, कारण कॅलेंडरवर त्याचं नाव सभ्य असतं.

क्रम म्हणजे काय, हे सूर्या नदी सांगते

"आमच्याकडे प्रायोरिटी लावलेली असते," असं कोणी म्हणेल. असते, खरंय. हाय, हायेस्ट, क्रिटिकल, ब्लॉकर. सहाशेतली चारशे हाय. म्हणजे सगळा डबाच फर्स्ट क्लास!

स्क्रमच्या मार्गदर्शिकेत २०११ साली एक बारीक बदल झाला. बॅकलॉग 'प्राधान्य दिलेला' असतो, याच्या जागी 'क्रम लावलेला' असतो, असं आलं. हा फरक समजायला मिरा-भाईंदरचं पाणी बघा. शहराला पाणी येतं स्टेम प्राधिकरण आणि एमआयडीसीकडून, आणि ते पुरत नाही. म्हणून एमएमआरडीएची सूर्या प्रादेशिक पाणीपुरवठा योजना आली: दिवसाला ४०३ दशलक्ष लिटर, त्यातलं २१८ मिरा-भाईंदरला आणि १८५ वसई-विरारला. मोठा वाटा मिरा-भाईंदरचा. पण पाणी आधी पोचलं वसई-विरारला, २०२३ च्या अखेरीस. कारण सूर्या नदी पालघर जिल्ह्यात, जलवाहिनी उत्तरेकडून येते, वाटेत वसई-विरार आधी लागतं, आणि भाईंदरला यायचं तर वसईच्या खाडीखालून बोगदा काढावा लागतो.

गरज किती, याने प्राधान्य ठरतं. क्रम ठरवताना गरजेसोबत आणखी गोष्टी बघाव्या लागतात: कशाआधी काय झालंच पाहिजे, किती खर्च येईल, धोका कुठे आहे. क्रमाचा दुसरा गुण असा, की एका नंबरवर एकच गोष्ट बसते. चारशे गोष्टी 'हाय' असू शकतात, पण चौथ्या नंबरवर एकच असते. ती कोणती हे ठरवताना कोणाला तरी वाईट वाटतं. म्हणूनच ते काम टाळलं जातं, आणि म्हणूनच ते एका माणसाचं काम आहे. प्रॉडक्ट ओनर ही एक व्यक्ती असते, समिती नव्हे, हे मार्गदर्शिकेत स्पष्ट आहे. समितीला क्रम लावता येत नाही. तिला फक्त सगळ्यांना खूश करणारी यादी करता येते.

यादी करायची तर अशी

नुसतं शिव्या घालणं सोपं असतं, म्हणून एक उदाहरण करून दाखवतो. समजा भाईंदर पूर्वेच्या एका सोसायटीला पाण्यासाठी ॲप हवंय. मीटिंग बसते आणि पंधरा मिनिटांत यादी तयार: पाण्याची वेळ, टँकरचा हिशोब, मेंटेनन्सचं बिल, पार्किंग, गणपतीची वर्गणी, हॉलचं बुकिंग, तक्रारपेटी, गप्पांचा ग्रुप, तीन भाषा, डार्क मोड. बहुतेक टीम इथे थांबते, हे सगळं जिरात भरते आणि म्हणते, बॅकलॉग झाला.

अजून काहीच झालेलं नाही. आधी एक वाक्य लागतं: आपण हे कशासाठी करतोय? २०२० च्या मार्गदर्शिकेत याला प्रॉडक्ट गोल म्हटलंय. आपलं वाक्य असं: 'पाणी कधी येणार हे विचारायला सोसायटीतल्या कोणालाही फोन करावा लागू नये.' आता हे वाक्य हातात धरून यादीवरून फिरा. वर्गणी गेली, हॉल गेला, डार्क मोड गेला. 'नंतर बघू' या रकान्यात ठेवायचे नाहीत, पानावरूनच गेले. पुढच्या वर्षी खरंच लागले तर कोणीतरी येऊन सांगेलच. खरी गरज परत दार ठोठावते. न ठोठावणाऱ्या गोष्टीसाठी जागा अडवायचं कारण नाही.

मग उरलेल्यातली पहिली गोष्ट लिहायची. 'नोटिफिकेशन मॉड्यूल' असं लिहिलं तर कोणाला काय हवंय ते कळत नाही. असं लिहा: 'चावीवाल्याने पाणी सोडलं आणि टाकीत यायला लागलं, की वॉचमन एकदा कळवेल आणि सगळ्या घरांना दोन मिनिटांत निरोप जाईल.' कोणासाठी, काय, आणि झालं हे कसं ओळखायचं, सगळं एका ओळीत.

आता वॉचमनशी बोला. मीटिंगला त्याला कोणी बोलावलेलं नसतं. तो म्हणतो, "साहेब, माझ्याकडे साधा फोन आहे." संपलं. पंधरा जणांच्या मीटिंगमध्ये न सुचलेली गोष्ट थेट एक नंबरवर जाते: मिस्ड कॉलवर चाललं पाहिजे. यादी घडत राहते म्हणतात ती अशी. जो बॅकलॉग पहिल्या दिवशी पूर्ण असतो, तो बहुधा चुकीच्या लोकांना विचारून बनवलेला असतो.

राहिला आकार. मोठं काम कापायचं, पण कापलेला तुकडा वापरता आला पाहिजे. दहिसर ते भाईंदर ही मेट्रो ९ बघा. आठ स्थानकांची मार्गिका, तिचा पहिला टप्पा दहिसर ते काशीगाव, आणि मे २०२५ मध्ये चाचणी झाली ती याच टप्प्यावर. तुकडा दहिसरकडून कापला, कारण तिथे आधीची मेट्रो उभी आहे. भाईंदरकडून पहिली चार स्थानकं बांधली असती तर काम तेवढंच झालं असतं आणि प्रवासी पोचला कुठेच नसता. आपल्या टीम सर्रास हेच करतात. आधी अख्खा डेटाबेस, मग अख्खी एपीआय, मग स्क्रीन. सहा महिने चार स्थानकं उभी, आणि गाडी कुठूनच सुटत नाही.

एकशे सत्तावीसचा धडा

शहरांचाही बॅकलॉग असतो. त्याला विकास आराखडा म्हणतात. इथे बाग, तिथे शाळा, इकडे दवाखाना, तिकडे रस्ता. नकाशावर रंग भरतो आणि आरक्षण पडतं. मिरा-भाईंदरचा आराखडा मंजूर झाला १९९७ साली. त्याआधीच्या जनगणनेत, म्हणजे १९९१ साली, इथली लोकसंख्या होती १,७५,६०५. २०११ साली ती झाली ८,०९,३७८. सुधारित आराखड्याचा मसुदा लोकांसमोर आला २०२२ मध्ये. पंचवीस वर्षं एका यादीवर, आणि ज्या शहरासाठी ती केली ते शहर तोवर राहिलेलंच नव्हतं.

पण आराखड्याचा कायदा करणाऱ्यांना एक गोष्ट कळली होती, जी आपल्या टीमना कळत नाही. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६, कलम १२७. आरक्षित जमीन दहा वर्षांत ताब्यात घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतरच्या ठरलेल्या मुदतीत काही पाऊल उचललं नाही तर आरक्षण रद्द झालं असं धरलं जातं. ही मुदत आधी सहा महिने होती, मग बारा झाली, आता चोवीस आहे. म्हणजे कायदाच म्हणतो, करणार असाल तर करा, नाहीतर सोडा. नुसतं अडवून ठेवता येणार नाही.

या कलमात एक कडवट गंमतही आहे. नोटीस द्यायचा हक्क जमिनीच्या मालकाला आहे, ज्याला ते आरक्षण बहुतेक वेळा नकोच असतं. त्या जागेवर बाग होईल म्हणून थांबलेल्या पोराला असा कोणताच हक्क नाही. कोणी नोटीस दिली आणि मुदत टळली, तर त्याची बाग नकाशावरून जाते आणि त्याला पत्ताही लागत नाही.

तर माझी मागणी ही. प्रत्येक टीमने आपल्या बॅकलॉगला कलम १२७ लावावं, पण हक्क उलटा द्यावा: ज्याने मागितलं त्याला. तीन महिने एखाद्या कामाला कोणी हात लावला नाही, तर मागणाऱ्याला कळवा. दोन स्प्रिंटमध्ये त्याला उत्तर द्या: अमुक नंबरवर घेतलंय, नाहीतर करणार नाही आणि त्याचं कारण हे. आणि मग खोडा.

"पण..."

पहिला 'पण' ठरलेला आहे: लिहून ठेवायला काय जातं? वर हिशोब दिलाय. शिवाय लिहिल्याने काम झाल्यासारखं वाटतं, हा सगळ्यात मोठा तोटा.

दुसरा: ग्राहक रागावेल. रागावेल, एकदा. पण "टाकलंय" ऐकून दीड वर्ष वाट बघणारा ग्राहक रागावत नाही, निघून जातो. स्पष्ट "नाही" ऐकलेला माणूस दुसरी सोय बघू शकतो. तेवढा तरी त्याचा हक्क आहे.

तिसरा 'पण' खरा आहे. आमचा प्रॉडक्ट ओनर नावापुरता. क्लायंट परदेशात, क्रम तिकडून येतो, आम्ही फक्त तिकिटं उचलतो. सर्व्हिस कंपन्यांमधल्या हजारोंची ही गोष्ट आहे. तुमच्या हातात क्रम नसेल, पण हिशोब असतो. "हे साठाव्या स्प्रिंटला येईल, चालेल ना?" हा प्रश्न लेखी विचारायला पद लागत नाही. उत्तर आलं नाही तरी खोटं तुमच्या नावावर राहत नाही.

चौथा टोकाचा: मग बॅकलॉग हवाच कशाला? बेसकॅम्प कंपनीच्या रायन सिंगर यांनी २०१९ साली हेच मांडलं, की यादी ठेवू नका, दर सहा आठवड्यांनी नव्याने पैज लावा. त्यांच्याकडे स्वतःचं प्रॉडक्ट आणि जुनी जाणती टीम आहे, त्यांना ते जमतं. आपल्याला इतकं टोकाला जायची गरज नाही. एका बैठकीत सगळ्यांना वाचून संपेल एवढी यादी पुरे.

आणि शेवटचा 'पण', ज्याच्यापुढे मी थांबतो. खोडणं म्हणजे दुबळ्यांची मागणी पुसणं नाही का? विदर्भ-मराठवाड्याचा अनुशेष कोणी लिहून ठेवला नसता तर तो कोणाला दिसला असता?

बरोबर. पण तो कसा लिहिला होता ते बघा. वि. म. दांडेकर यांच्या समितीने १९८४ साली 'अमुक भाग मागे आहे' एवढंच लिहिलं नाही. सिंचन, रस्ते, शाळा, पाणी अशी क्षेत्रं घेतली, राज्याच्या सरासरीशी प्रत्येक जिल्हा ताडून पाहिला आणि सुमारे ३,१८६ कोटींचा आकडा काढला. अनुशेष विदर्भाचा किती, मराठवाड्याचा किती, उर्वरित महाराष्ट्राचाही किती, सगळं मांडलं. ते देणं होतं आणि देण्यासारखंच लिहिलं होतं. आणि तरी पुढच्या समितीने १ एप्रिल १९९४ ची स्थिती धरून हिशोब केला तेव्हा आकडा निघाला १४,००६ कोटी. किमती वाढल्या होत्या, मोजायची पद्धतही तीच नव्हती, त्यामुळे दोन आकडे सरळ शेजारी ठेवता येत नाहीत. पण एवढं नक्की, की मोजून लिहिलेलं देणंसुद्धा नुसत्या लिहिण्याने फिटत नाही. मग "चांगला मुद्दा आहे" म्हणून टाकलेल्या ओळीचं काय होणार?

म्हणून यादीतल्या प्रत्येक ओळीपुढे एक खूण हवी: हे देणं आहे की इच्छा? अंध माणसाला पैसे भरायचं बटण सापडत नाही, हे देणं. एकाच बिलाचे दोनदा पैसे कापले जातात, हे देणं. गेल्या वर्षी करारात कबूल केलेला रिपोर्ट, हेही देणं. यांना क्रमात वरची जागा आणि तारीख द्या, आणि ती द्यायची नसेल तर तसं तोंडावर सांगा. बाकी सगळ्या इच्छा. त्या बेधडक खोडता येतात. आज गोडाऊनमध्ये दोन्ही एकाच ढिगात आहेत, आणि डार्क मोडच्या खाली ते न सापडणारं बटण गाडलं गेलंय. दुबळ्याची मागणी पुसली जाते ती अशी, काहीही न खोडता.

सोमवारी ऑफिसला गेलात की जिरा उघडा. वर्षभर कोणी हात न लावलेली कामं शोधा. त्यातली देणी बाजूला काढा, त्यांना वर नेण्यासाठी भांडा. उरलेल्यांच्या मागणाऱ्यांना एकेक ओळ पाठवा आणि खोडून टाका. कोणी विचारलं तर सांगा, हे आपण तसंही करणार नव्हतो. फक्त आज ते कबूल केलं.